कंद, कूळ आणि कागद

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोची समिती बसली आणि दिवाळीचं नाव मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. भारतातून या यादीत गेलेलं हे सोळावं नाव. कुटियाट्टम, वेदपठण, रामलीला, छाऊ, कुंभमेळा, कोलकात्याची दुर्गापूजा, गुजरातचा गरबा आणि आता आपली दिवाळी. बातमी आनंदाचीच होती. पण यादी नसती तरी उटणं लागलं असतं, आकाशकंदील टांगले गेले असते आणि दिवाळी अंकही निघाले असते. दिवाळीला यादीची गरज नव्हती. यादीलाच दिवाळीची शोभा आली.

मग अशा नोंदीची खरी गरज असते कुणाला? या प्रश्नाचं एक उत्तर सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर सापडतं. उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा तालुका पश्चिमेला गोव्याला आणि उत्तरेला बेळगाव जिल्ह्याला लागून आहे. विस्तार मोठा आणि वस्ती विरळ. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या तालुक्याची लोकसंख्या जेमतेम पन्नास हजारांच्या घरात होती. इथे कुणबी आहेत, गवळी धनगर आहेत, सिद्दी आहेत. इथे गाणी आहेत, देवराया आहेत आणि दरवर्षी भरणारी कंदांची जत्राही आहे. यातल्या कशाला मान्यता मिळाली, कशाला नाही आणि त्यामागचं कारण काय, हे पाहू लागलं की ‘वारसा’ या गुळगुळीत झालेल्या शब्दाला पुन्हा धार येते.

बुडालेलं सुपे, सरकलेल्या सीमा

रामनगर, जगलबेट करत जोयड्याकडे जाताना दुतर्फा जंगल सोबत करतं. पाट्या कन्नडमध्ये, बसमधल्या गप्पा कोकणीत, बाजारातला हिशेब पुष्कळदा मराठीत. या तालुक्याचं जुनं नाव सुपे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपे गाव होतं आणि तेच तालुक्याचं ठिकाण होतं. गणेशगुडीजवळ काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं सुपे धरण १९८७ मध्ये पूर्ण झालं. गाव पाण्याखाली गेलं आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या. उठवलेल्यांपैकी अनेक कुटुंबं रामनगरला वसली. काळी नदी उगम पावते याच तालुक्यात. पुढे तिच्या पाण्यावर वीज होते, कागद होतो आणि ती कारवारला समुद्राला मिळते.

माणसं जिथल्या तिथे राहिली, सीमा मात्र सरकत राहिल्या. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. पश्चिमेचा डोंगर उतरला की १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीज अंमल होता. वेळीप हे आडनाव गोव्यातल्या काणकोण-सांगेत जसं ऐकू येतं, तसंच ते जोयड्याच्या गावांतही ऐकू येतं. सोयरिकी, देव आणि बोली यांनी सरकारी रेषा कधी मानली नाही. सरकारी कागदाला मात्र रेषेखेरीज दुसरं काही दिसत नाही.

जंगलाचा कायदाही इथे जुना. डोंगरउतारावरची झाडी तोडून, वाळवून, जाळून त्या राखेत नाचणी आणि इतर भरड धान्यं पेरायची, दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडून पुढे सरकायचं, या शेतीला इथे कुमरी म्हणतात. कोकणातल्या वाचकाला दळीची शेती आठवेल. एकोणिसाव्या शतकात वनखात्याला सागवान हवं होतं. कुमरी म्हणजे जंगलाची नासाडी असं ठरलं आणि तिच्यावर एकेक बंधन येत गेलं. फिरती शेती करणारा कुणबी अशा रीतीनं एका जागी बांधला गेला, पण ती जागाही त्याच्या नावावर झाली नाही. पुढे अभयारण्य आलं, अणशी राष्ट्रीय उद्यान आलं, २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला. डिसेंबर २०१५ पासून तो ‘काळी व्याघ्र प्रकल्प’ म्हणून ओळखला जातो.

बरणीत न मावणारं बियाणं

जोयड्याचं नाव अलीकडे बाहेर गेलं ते कंदांमुळे. हिवाळ्यात जोयड्याला कंदांचा मेळा भरतो. कुणबी बायका आपापल्या परसातले कंद घेऊन येतात. कोनाचे कितीतरी प्रकार, कणगं, चिरके, मुडली, सूरण, करांदे असा सगळा पसारा मांडला जातो. काही कंद मनगटाएवढे, काही मांडीएवढे, काहींना हत्तीच्या पायासारखा आकार. आत पांढरा, पिवळसर, जांभळा गर. बंगळूरच्या ‘सहज समृद्ध’सारख्या संस्थांनी या मेळ्याला आणि जोयड्याच्या कंदांना शहरांत नेण्याला हात दिला आहे. म्हैसूरसारख्या ठिकाणच्या कंदमेळ्यांतही जोयड्याच्या टोपल्या दिसतात.

ही लागवड समजून घेण्यासारखी आहे. कोन हा वेल आहे. पावसाच्या तोंडावर घराच्या आसपास, एखाद्या झाडाच्या बुंध्याशी खड्डा घ्यायचा, त्यात पालापाचोळा आणि शेणखत भरायचं आणि कंदाचा डोळा असलेला तुकडा लावायचा. वेल झाडावर चढतो, म्हणजे वेगळा मांडव लागत नाही. पाऊस सरल्यावर पानं पिवळी पडून गळतात. कंद तयार झाल्याची ती खूण. मग खोदायचं, पण सगळं एकदम नाही. जमिनीतला कंद काही काळ तिथेच सुरक्षित राहतो. लागेल तसा काढता येतो. भात संपून नवं यायला अवकाश असतो त्या दिवसांत या कंदांनी पिढ्यान्‌पिढ्या पोटं भरली. जंगली करांदा कडू असतो. तो उकळून, पाण्यात ठेवून, कडूपणा काढून खायचा असतो आणि ही रीत चुकली तर घसा धरतो, पोट बिघडतं. कुठला कंद भाजायचा, कुठला उकडायचा, कुठला आजारी माणसाला द्यायचा नाही, हे शास्त्र पुस्तकात लिहिलेलं नाही. ते सासूकडून सुनेकडे येतं, आणि हातात कंद असतानाच येतं.

इथे एक गोष्ट निर्णायक आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणं जपलं. २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. धान्याचं बी मडक्यात, राखेत घालून ठेवता येतं. कंदाचं तसं नाही. कंदाचं बी म्हणजे कंदच. तो काही महिने झोपतो आणि मग उगवण्यासाठी उतावीळ होतो. त्याला माती दिली नाही तर तो सुरकुततो, कुजतो. कंदांच्या जाती टिकवायच्या तर संशोधन संस्थांनाही त्या मुख्यतः शेतात लावून ठेवाव्या लागतात. म्हणजे एका बाईनं एक पावसाळा लागवड चुकवली आणि शेजारणीकडेही ती जात नसली, की त्या गावातून ती जात गेली. तिचं छायाचित्र, नाव, वजन, चवीची नोंद सगळं शाबूत राहील. कंद राहणार नाही.

युनेस्कोच्या २००३ च्या कराराचा गाभाही हाच आहे. त्यात वारसा म्हणजे समाजानं पिढ्यान्‌पिढ्या पुढे दिलेली आणि भोवतालाशी जुळवून घेत सतत नव्यानं घडवलेली गोष्ट, अशी मांडणी आहे. नाच, गाणी, सण यांच्या बरोबरीनं निसर्गाबद्दलचं ज्ञान हेही त्यात स्वतंत्र क्षेत्र मानलं आहे. भारतानं २००५ मध्ये हा करार स्वीकारला. संगीत नाटक अकादमी त्याचं काम पाहते. नाव संगीत आणि नाटक यांचं. त्यामुळे कंद लावणाऱ्या बाईचं ज्ञान कोणत्या कप्प्यात टाकायचं, हा पेच पहिल्या पायरीवरच उभा राहतो.

माणसाला पुरस्कार, समाजाला प्रतीक्षा

कप्प्यांचा हा घोळ जोयड्यानं अनुभवला आहे. कार्टोळी गावचे महादेव वेळीप यांच्याकडे कुणबी गाणी आणि कथा जेवढ्या होत्या, तेवढाच जंगलाचा अभ्यास होता. झाडांचा मोहर, पाखरांची हालचाल, मुंग्यांची लगबग यांवरून पावसाचा अंदाज बांधणारे जाणते म्हणून त्यांची ख्याती झाली. कर्नाटक सरकारनं २०२१ चा राज्योत्सव पुरस्कार त्यांना दिला, तो पर्यावरण या विभागात. लोककलेच्या विभागात दिला असता तरी चुकलं नसतं, कारण त्यांच्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. शिगम्यातला ताल, फुगडीचं गाणं आणि देवराईतल्या झाडाला हात न लावण्याची आण ही एकाच जगण्याची अंगं आहेत. सरकारी अर्जात मात्र प्रत्येकासाठी वेगळी चौकट असते.

याच जिल्ह्यात खाली किनाऱ्यालगत हालक्की समाज आहे. अंकोल्याजवळच्या सुक्री बोम्मगौडा यांना हजारो हालक्की गाण्यांचा चालताबोलता कोश म्हणत. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. याच समाजातल्या, रोपं वाढवणाऱ्या तुलसी गौडा अनवाणी पायांनी राष्ट्रपती भवनात पद्मश्री घ्यायला गेल्या, ते छायाचित्र देशभर फिरलं. तुलसी गौडा डिसेंबर २०२४ मध्ये गेल्या, सुक्री बोम्मगौडा फेब्रुवारी २०२५ मध्ये. दोघींच्या हयातीत हालक्की समाज अनुसूचित जमातीच्या यादीत आला नाही. सुक्री आज्जींनी तर ही मागणी जाहीरपणे वारंवार मांडली होती. म्हणजे माणूस इतका थोर की राष्ट्रपतींनी सन्मान करावा, पण ज्या समाजानं ते ज्ञान घडवलं त्याची फाइल मात्र तशीच.

जोयड्याच्या कुणब्यांची गोष्ट आणखी अवघड आहे, कारण त्यांचं नावच फसवं आहे. महाराष्ट्रात कुणबी म्हटलं की इतर मागासवर्ग, मराठा आरक्षण आणि २०२३ नंतर गाजलेली कुणबी नोंदींची शोधाशोध आठवते. जोयड्याच्या जंगलातला कुणबी हा त्याहून निराळा. तो गोव्याच्या कुणबी, गावडा, वेळीप यांच्या कुळातला.

आणि इथेच २००३ या सालाचा विचित्र योग येतो. युनेस्कोचा करार झाला ते हेच साल. त्याच वर्षीच्या जानेवारीत भारतात अनुसूचित जाती-जमातींच्या याद्यांत दुरुस्ती करणारा कायदा झाला. त्या एकाच कायद्यानं गोव्यातले कुणबी, गावडा आणि वेळीप अनुसूचित जमाती ठरले. त्याच कायद्यानं उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दीही अनुसूचित जमाती ठरले. आता नकाशा पाहा. जोयड्याचा सिद्दी यादीत आला. घाटाखालचा कुणबीही आला. या दोघांच्या मध्ये राहणारा, एकाचा शेजारी आणि दुसऱ्याचा सोयरा असलेला जोयड्याचा कुणबी बाहेर राहिला. सिद्द्यांचं तरी काय? बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्द्यांना त्याच यादीत यायला २०२० उजाडलं. माणूस तोच, दमामी नाचाचा ताल तोच, चिंध्या जोडून शिवलेली कवंदीही तीच. फक्त जिल्हा वेगळा.

तिसरे शेजारी गवळी धनगर. ते मराठी बोलतात, म्हशी पाळतात, दूधदुभत्यावर जगतात. सह्याद्रीतल्या गवळी धनगरांचा माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी अभ्यास केला, तेव्हा कुणबी आणि गवळी यांची जुनी वाटणी पुढे आली. कुणबी दरीतली शेती करणार, गवळी वरच्या उतारावर म्हशी चारणार, एकाचं धान्य दुसऱ्याच्या लोण्याशी बदलणार. एकाच जंगलावर दोन समाज भांडणाशिवाय जगण्याची ही व्यवस्था कोणत्याही वारसा यादीत बसण्याजोगी आहे. पण यादी एका वेळी एकच नाव विचारते. दोन समाजांमधलं नातं नोंदवायला तिच्यात जागा नाही.

लाजाळू राहा, तरच ओळखू

अनुसूचित जमात ठरवण्याच्या कसोट्या आजही १९६५ च्या लोकूर समितीच्या आहेत. आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक दुरावा, बाहेरच्या समाजाशी संपर्कातला संकोच आणि मागासलेपण अशा त्या पाच कसोट्या. राज्यानं शिफारस करायची, भारताच्या महानिबंधकांनी आणि राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगानं ती तपासायची, मग संसदेनं कायदा करायचा. या वाटेवर कुठेही फाइल अडली की पुन्हा पहिल्यापासून.

या कसोट्या आणि कंदमेळा शेजारी ठेवून पाहा. मेळा म्हणतो, बाहेर या, मांडा, विका, कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोला. कसोटी म्हणते, बाहेर याल तर संकोच कुठे राहिला? पर्यटन खात्याला नाचणारा कुणबी हवा, यादीला लाजणारा हवा, वनखात्याला जंगलाबाहेर गेलेला हवा. एकाच माणसानं तीन खात्यांना तीन तोंडं दाखवायची आणि वर ‘खरी’ संस्कृती जपायची. युनेस्कोची व्याख्या निदान एवढं तरी मान्य करते की जिवंत परंपरा बदलत असते. आपली कसोटी मात्र बदललेल्या माणसाला संशयानं पाहते.

पंचाहत्तर वर्षांचा पुरावा

जमातीच्या दाखल्यावर नोकरी आणि शिक्षण अवलंबून असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. जोयड्यात त्यावर आणखी काही अवलंबून आहे: जमीन. २००६ च्या वनहक्क कायद्यात दोन प्रकारचे हक्कदार आहेत. अनुसूचित जमातीच्या माणसानं १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून त्या वनजमिनीवर आपला ताबा आणि वास्तव्य असल्याचं दाखवायचं. जो जमातीत नाही, तो ‘इतर पारंपरिक वननिवासी’. त्यानं त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं तिथे राहत असल्याचं सिद्ध करायचं. हिशेब करा: डिसेंबर १९३०. तेव्हा हा मुलूख मुंबई इलाख्यात होता. त्यानंतर राज्य बदललं, कारभाराची भाषा बदलली, तालुक्याचं ठिकाण धरणात बुडालं. फिरती शेती करणाऱ्याच्या नावानं त्या काळी सारा-पावती निघाली असेल, ही अपेक्षा करणंच मुळात अन्यायाचं.

पण याच कायद्याच्या नियमांत एक दार उघडं आहे आणि त्याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं आहे. २००८ च्या नियमांतला तेरावा नियम पुरावा कशाला म्हणावं ते सांगतो. त्यात सरकारी कागद आहेतच. पण विहिरी, स्मशानं, पवित्र स्थळं अशा पारंपरिक खुणाही पुरावा आहेत. वंशावळ पुरावा आहे. दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांनी दिलेली आणि लिहून घेतलेली साक्षही पुरावा आहे. यांपैकी एकाहून अधिक पुरावे ग्रामसभेसमोर हवेत.

म्हणजे ज्याला आपण अमूर्त वारसा म्हणतो, तो कायद्याच्या नजरेत मूर्त कागद होऊ शकतो. देवराईचा देव कुणाच्या आजोबांनी पुजला, शिगम्याचा मेळ कोणत्या घरापासून निघून कोणत्या माळावर थांबतो, मान कोणत्या क्रमानं दिला जातो, जुन्या कुमरीच्या जागांची नावं कोणती, कुळाचा मूळपुरुष कुठून आला, ही माहिती गाण्यांत आणि रिवाजांत साठलेली असते. लोकसाहित्याचे अभ्यासक ती ‘लोप पावण्याआधी’ ध्वनिमुद्रित करायला धावतात आणि विद्यापीठाच्या कपाटात ठेवतात. तीच माहिती स्थळ, पिढी आणि सांगणाऱ्याच्या साक्षीसह लिहून घेतली तर ग्रामसभेच्या हाती दस्तऐवज येतो.

हे होऊ शकतं याचे दाखले आहेत. कर्नाटकातच बिळिगिरी रंगन डोंगरातल्या सोलिगांना २०११ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या आत सामुदायिक वनहक्क मिळाले. त्यांनी आपल्या देवांची, दगडांची, झऱ्यांची ठिकाणं अभ्यासकांच्या मदतीनं नकाशावर आणली होती. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावानं २००९ मध्ये सामुदायिक हक्क मिळवला आणि दोन वर्षांनी आपल्या बांबूचा वाहतूक परवाना आपण देण्याचा अधिकार वनखात्याकडून घेतला. सोलिगा आणि गोंड दोघेही यादीत आहेत, त्यामुळे पंचाहत्तर वर्षांचा डोंगर त्यांना चढावा लागला नाही, हे खरं. पण सामुदायिक हक्कात जैवविविधतेशी आणि सांस्कृतिक विविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावरचा समाजाचा हक्कही येतो. कायद्यात तसं स्पष्ट म्हटलं आहे. कोनाच्या जातींवर जोयड्याच्या बायकांचा हक्क सांगण्याची जागा तीच.

दुसरीकडून ओढही जबरदस्त आहे. व्याघ्र प्रकल्पातून स्वेच्छेनं बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला पूर्वी दहा लाख रुपये मिळत. २०२१ पासून ती रक्कम पंधरा लाख झाली आहे. काळी प्रकल्पातून कुटुंबं बाहेर पडली आहेत, पडत आहेत. दवाखाना लांब, शाळा लांब, पावसाळ्यात रस्ता बंद. उभ्या पिकात डुकरं घुसतात, साळिंदर कंद उकरतं. अशा घरानं पैसे घेऊन खाली जायचं ठरवलं तर शहरात बसून त्याला संस्कृतीचे धडे देणं शोभत नाही. प्रश्न एवढाच की हक्क आधी मान्य व्हावेत आणि मग निवड व्हावी; कायद्याचा क्रमही तसाच आहे. हक्काचा कागद हाती असलेला माणूस ‘जातो’ म्हणतो तेव्हा ती त्याची निवड असते. कागद नसलेला तेच म्हणतो तेव्हा ती नाइलाजाची वाट असते.

कुटुंब खाली गेलं की त्याच्यासोबत काय जातं? गाणी जातील, मोबाइलमध्ये तर नक्कीच. फुगडी नव्या वसाहतीतही घालता येईल. पण वेल चढायला जुनं झाड नसेल, परसाला जागा नसेल, तर कोन जाणार नाही. देवराई जाणार नाही. पावसाची चिन्हं ज्या झाडांवर वाचायची ती झाडंच नसतील. म्हणून कोणत्याही मान्यतेला, मग ती पॅरिसहून येवो, दिल्लीहून की बंगळूरहून, एक साधा प्रश्न विचारावा: या नोंदीमुळे त्या बाईला पुढच्या मृगात कंद लावायला तीच जमीन मिळणार आहे का? मेळ्याला आमचा विरोध असण्याचं कारण नाही. मेळ्यानं कंदाला भाव आणि कुणबी बाईला व्यासपीठ दिलं. पुरस्कारही हवेत. पण जोयड्यात पुढचं काम ध्वनिमुद्रकाइतकंच ग्रामसभेच्या नोंदवहीचं आहे. मराठी, कोकणी आणि कन्नड जाणणारी या भागातली शिकलेली पोरं ते करू शकतात: म्हाताऱ्यांच्या साक्षी, देवरायांच्या जागा, वंशावळी आणि कंदांच्या जाती गावनिहाय लिहून, ग्रामसभेत वाचून, ठराव करून तालुक्याला पाठवणं. सांगणारी पिढी हयात आहे तोवरच तेरावा नियम कामाचा आहे. तिच्यानंतर ती गाणी राहिली तरी ती साक्ष राहणार नाहीत.